समाचारमावशींची खिडकी

समाचारमावशी आजाऱ्याला कधीही 'कसं वाटतंय?' असं विचारत नसत. जुन्नरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हा मोठा कौतुकाचा आणि थोडा टवाळीचा विषय होता. आजाऱ्याच्या समाचाराला जायचं, हेच मिशनने त्यांना नेमून दिलेलं काम. त्यावरूनच त्यांचं हे नाव पडलेलं. आणि बाई नेमकं तेवढंच विचारत नाहीत! एकदा मी छेडलं, तर म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आजाऱ्याला कसं वाटतंय ते तो पडलाय त्यावरनंच दिसतंय की. आपण इचारलं म्हंजी त्या बिचाऱ्याला 'बरं हाय' असं खोटं बोलावं लागतं. आधीच ताप, वर खोटं बोलल्याचं पाप कशाला?"

मी तेव्हा मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमची घरं एकाच चाळवजा इमारतीत, मधे एक कुडाची भिंत. त्यांच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची मुलगी सारू, आणि माझ्या दोन खोल्यांत मी आणि माझी चिडचिड. मावशी मूळच्या अवसरीच्या, महारवाड्यातल्या. नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला, नवरा लवकर गेला, आणि मिशनच्या मडमसाहेबांनी त्यांना या कामावर घेतलं. अक्षरओळख बेताची. पवित्र शास्त्रातली वचनं मात्र तोंडपाठ, तीही आपल्या बोलीत वळवून घेतलेली. ऐकताना येशू अवसरीच्याच एखाद्या वस्तीवर वाढला असावा असं वाटे.

त्यांच्या खांद्यावर घोंगडीचा एक तुकडा कायम असायचा. थंडीसाठी नव्हे, बसण्यासाठी. ख्रिस्ती झाल्या म्हणून गावाच्या लेखी त्यांची जात काही धुतली गेली नव्हती. कुणाच्या ओट्यावर बसल्या, तर त्या उठून गेल्यावर तिथे पाणी शिंपडलं जाई. म्हणून त्या ओट्याखाली, अंगणाच्या कडेला, गोठ्याशी आपली घोंगडी टाकत आणि "प्रभू रे" म्हणत खाली बसत. त्या 'प्रभू रे'मध्ये गुडघ्यांचं दुखणं किती आणि भक्ती किती हे मला कधी कळलं नाही. बसल्या की मग बराच वेळ काहीच बोलत नसत. आजारी माणूस आत, या बाहेर. त्याला बोलावंसं वाटलं तर तो बोले, नाहीतर दोघेही गप्प. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांची स्वतःची प्रार्थना एवढी लांब असे की आजाऱ्याचं दूध नासून जावं. "मावशी, तुम्ही तिथे जाता ते वचन सांगायला," असं त्यांनी बजावलं की मावशी मान डोलावत आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा तशाच गप्प बसत.

प्रार्थना करत नसत असं नाही. निघताना करत, पण तिची तऱ्हा वेगळी. त्या देवाला चक्क पत्ता सांगत. "प्रभू, पेठंत ये. सडकंनं खाली उतरलं की चिंच लागंल. चिंचंपासून डाव्या अंगाला वळ. दारात तांबडी गाय बांधलेली हाय, ती मारकी हाय, जरा जपून. आत म्हातारा पडलाय, त्याला खोकल्यानं झोप न्हाई. ये बाबा, लवकर." मी हसून हसून बेजार झाले होते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. "मावशी, देवाला काय रस्ते ठाऊक नाहीत?" त्यावर म्हणाल्या, "त्याला ठाऊक हाय सगळं. पण सांगितलं म्हंजी माझ्या जिवाला बरं वाटतं. पाव्हण्याला वाट दाखवायला नगं व्हय?"

वर्षानुवर्षं त्यांनी असं दोन तालुक्यांत देवाला वाट दाखवली. पश्चिमेच्या डोंगरात कोळ्यांच्या वस्त्या, तिथे भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालायचं. इकडे ओतूर, मंचर, पेठ, अवसरी. कुठे बैलगाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. पाय संध्याकाळी भाकरीच्या पिठासारखे फुगलेले असत. सारू गरम पाण्यात मीठ घालून शेकायची आणि आईवर करवादायची. सारू मोठी गोड पोर. माझ्याच शाळेत शिकून आता लहान मुलींना मुळाक्षरं शिकवत होती, लग्न ठरत आलं होतं.

मग प्लेगचं ते वर्ष आलं. गावं ओस पडली, लोक माळावर झोपड्या घालून राहायला गेले. अवसरीच्या माळावर मावशींची भावकी होती, आणि तिथे आजाऱ्यांना पाणी द्यायलाही माणूस धजत नव्हतं. मावशी गेल्या. त्या तिकडे दुसऱ्यांच्या तोंडात पाणी घालत असताना इकडे सारूच्या काखेत गाठ आली. मी होते तिच्यापाशी. निरोप पाठवला, पण निरोप न्यायला माणूस मिळेना, आणि मिळाला तोवर व्हायचं ते होऊन गेलं. मावशी आल्या तेव्हा माती ओलीसुद्धा राहिली नव्हती.

त्या रडल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. काही दिवसांनी घोंगडी खांद्यावर टाकून पुन्हा कामाला लागल्या, पण ते चालणं पाहवत नसे. निघताना प्रार्थना करत, पण पत्ता सांगणं बंद झालं. पाळकसाहेबांना वाटलं, बाईंची श्रद्धा आता प्रौढ झाली. खरं काय ते एका दुपारी मला कळलं. आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. त्या एकाएकी म्हणाल्या, "मास्तरीणबाई, सारूच्या वक्ताला मी अवसरीतनं पत्ता सांगितला व्हता. तिला ताप हाय हे ठाऊक न्हवतं, पण रोजच सांगायची. जुन्नरला ये, मिशनच्या चाळीत ये, कडंची खोली. बराबर पत्ता व्हता. तरी आला न्हाई त्यो."

मी तांदळातले खडे काढत राहिले.

"आता मी बोलती, पर पलीकडं कोन असंल असं वाटत न्हाई. लोकांना मातुर सांगती, देव हाय तुमच्यापाशी. हे बरं न्हवं. पाऊस लागंस्तवर करीन काम. तवर गावला तर गावला. न्हाई तर अवसरीला भावाकडं जाईन, त्याच्या शेळ्या राखीन. शेळ्यांपाशी खोटं बोलावं लागत न्हाई."

पाळकसाहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं, शेळ्यांसकट. साहेब हादरले. समजूत घालायला त्यांनी आधी वचनं सांगितली, मग लांबलचक प्रार्थना केली. मावशी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "व्हय साहेब. पाऊस लागंस्तवर." आमच्या मंडळीत तो उन्हाळा त्या एकाच चिंतेत गेला. मावशी गेल्या तर त्यांच्या जागी कोण, ही साहेबांची चिंता. मला मात्र वाटे, असं माणूस देवाला मुकलं तर आमच्यासारख्यांनी कोणाच्या आधाराने उपासनेला जाऊन बसायचं?

त्या उन्हाळ्यात त्यांच्या फेरीत ओतूरचं एक घर होतं. मारवाडी कापडवाल्याचं. त्यांची सून, जिला सगळे शेठाणी म्हणत, बाळंतपणानंतर फार अशक्त झाली होती. मिशनच्या दवाखान्यात आली असताना तिला मावशींचा लळा लागला होता. "येत जा हो मावशी," असं तिने म्हटलं, आणि घरच्यांनी हो-नाही करत परवानगी दिली ती अशी, की बाईंनी पुढून यायचं नाही. मागच्या बोळातून यावं, मागच्या खोलीच्या खिडकीखाली बसावं, हवं ते बोलावं आणि मागूनच जावं. खिडकी उंच, गजांची. खाली बसल्यावर आतलं काही दिसत नसे, आणि उभं राहून लोकाच्या घरात डोकावणं मावशींना चोरासारखं वाटे. शेठाणी आतून क्षीण आवाजात दोन शब्द बोलायची, या बाहेरून दोन. असं चाललं होतं.

पुढे पुढे शेठाणीचा आवाज येईनासा झाला. त्याऐवजी खाटेच्या लाकडी कडेवर वाटी आपटल्याचा ठोका येई. मावशी बसल्या की एक ठोका, निघाल्या की एक. मावशींनी मला काळजीने सांगितलं, "पोरीचा आवाजच बसला बघा. बोलायचीबी ताकद न्हाई ऱ्हायली. दोन लेकरांची आई, कसं व्हायचं?" आणि पुढच्या फेरीत ओतूरला आधी जाऊ लागल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर ओतूरला गेले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी जायचं होतं. ते उरकून मी मागच्या बोळात पोचले, तेव्हा मावशी भिंतीला पाठ लावून घोंगडीवर बसल्या होत्या, पाय लांब करून. बोलत होत्या. मला वाटलं वचन सांगत असतील. जवळ गेले तर बोलणं सारूचं चाललं होतं. सारूला लहानपणी माती खायची खोड होती. सारूने लग्नासाठी हिरवं लुगडं पसंत केलं होतं. पाय शेकताना कशी चिडायची. "आता कोन शेकतंय पाय," मावशी म्हणाल्या, "तसंच घिऊन निजती मी. दुखत्यात लई." आतून वाटीचा ठोका आला. मावशी थांबल्या, मग पुढे बोलू लागल्या. "तिच्याजवळ न्हवते मी, बाई. लोकाच्या लेकराला मांडीवर घेतलं आन् माझं लेकरू…" आतून पुन्हा ठोका, या वेळी हळू.

मी बोळाच्या तोंडाशीच उभी राहिले. मला, शेजारणीला, जे त्यांनी कधी सांगितलं नाही, ते त्या भिंतीला सांगत होत्या. खरं सांगायचं तर मला थोडा हेवा वाटला.

इतक्यात मागचं दार उघडलं आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई बाहेर आली. चांगली गुटगुटीत, गालांवर लाली. "अगंबाई, मावशी! कधी आलात? मी कालच आले माहेराहून." ती शेठाणी होती.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे पाहिलं. मीच विचारलं, "तुम्ही माहेरी होतात? केव्हापासून?"

"होळीनंतर लगेच गेले की. हवापालटाला. का हो?"

"मग आत कोण हाय?" मावशींनी विचारलं.

"आत? आत आमच्या भुवासा." शेठाणीने आवाज खाली केला. भुवासा म्हणजे तिच्या सासऱ्यांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. सारं आयुष्य स्वयंपाकघरात गेलं. गेल्या वर्षी लकवा मारला, उजवं अंग आणि वाचा गेली. शेठाणी गेल्यावर ही थंड खोली रिकामी होती, म्हणून त्यांची खाट इथे आणून टाकली. "त्यांच्याकडं कोण येणार, मावशी? आम्ही ताट ठेवतो, ताट उचलतो. सासूबाई सांगत होत्या, भुवासांना हल्ली खूळ लागलंय. पाणी प्यायची वाटी उशाशीच ठेवून घेतात, कुणी उचलायला गेलं तर देत नाहीत. कुणाला कळेना कशाला ते."

आतून ठोका आला. मग आणखी. मग थांबेचना. भांड्यावर भांडं पडावं तसा आवाज.

शेठाणीने घराकडे पाहिलं. सासू जैन स्थानकात प्रवचनाला गेली होती, पुरुष दुकानात. ती क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "मावशी, या. आत या."

मावशी नको नको म्हणत होत्या. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. आत अंधुक उजेड होता. खाटेवर एक मूठभर म्हातारी, डोक्याचे केस काढलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र मावशींवर लागलेले. मावशींनी सवयीप्रमाणे खाली जमिनीवर घोंगडी टाकली, तर म्हातारीने डाव्या हाताने तिचं टोक धरून ओढलं आणि खाटेवर थापटलं. इथे बस. शेठाणीचा चेहरा पांढरा पडला, पण तिने अडवलं नाही. मावशी खाटेच्या कडेला टेकल्या. म्हातारीने तो डावा हात खाली नेला, मावशींचा सुजलेला पाय चाचपला आणि दाबू लागली. हातात कसली ताकद? बोटं नुसती फिरत होती. पण ती थांबली नाही.

मावशी रडल्या. सारू गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवून, मोठ्याने, घर दणाणून जाईल असं रडल्या. मी आणि शेठाणीही रडलो, कशासाठी ते आम्हाला तरी कुठे नीट ठाऊक होतं.

पुढे व्हायचं ते झालं. सासू आली, तिने पाहिलं, सुनेला नाही नाही ते बोलली, आणि आम्ही बोळातून बाहेर पडलो तेव्हा मागे घर धुतल्याचं पाणी गटारात येऊन पडत होतं. शेठाणीला तो दिवस किती महाग पडला असेल कोण जाणे. मावशींचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. आम्ही परतीच्या गाडीत बसलो. कुकडी नदीचं पात्र दिसू लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मी शेठाणीच्या नावानं बोलत व्हते. पलीकडं भलतंच कोन तरी ऐकत व्हतं. सगळं ऐकलं तिनं. पायाचंबी ध्येनात ठिवलं."

"हो," मी म्हटलं.

"मी इतकी वर्सं देवाला वाट दाखवीत हिंडले. हितं ये, तितं ये. त्यो आधीच खाटंवर पडला व्हता की वं, तोंड वाकडं झालेला. त्याला बोलता येत न्हवतं."

मी शिकलेली बाई. हे शास्त्राला धरून आहे की नाही, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. विचारला नाही. एवढंच विचारलं, "मग आता बरं वाटतंय का, मावशी?" विचारल्यावर जीभ चावली. पण त्या रागावल्या नाहीत.

"बरं कसलं? सारू काय परत आली व्हय? पाय तर ठणकत्यात. पर आता भावाकडं न्हाई जायची. शेळ्या राखंल त्याचा त्यो."

पाऊस लागला तरी मावशी कामावर राहिल्या. थकवा गेला नाही, उलट वाढतच गेला. कधी कधी वाटेत चिखलात बसून घेत आणि म्हणत, "देवाला दुसरं कोन गावलंच न्हाई का?" पण पुन्हा उठत. ओतूरला तर जातच राहिल्या. आत जायची पुन्हा सोय नव्हतीच, खिडकीखालीच बसायचं. श्रावणात एका खेपेला त्या बसल्या आणि ठोका आला नाही. घरातून कुणी काही सांगायला आलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. नेहमी बसत तेवढा वेळ त्या तिथे बसल्या आणि मगच निघाल्या.

त्यानंतर काही वर्षांनी मावशींच्या अंगावर सूज आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान हलवली. पुण्याला न्यायचं म्हटलं तर त्या तयार होईनात. मी शाळेतून येता-जाता पेज देत असे. गावोगावचे लोक येत, दाराशी बसत. त्यांतल्या कुणी कुणी मावशींच्या घरात पाऊल टाकलं नसतं एरवी. आता उंबऱ्याच्या आत येऊन बसत होते.

एका सकाळी पाळकसाहेब आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या होत्या. साहेबांनी स्वतःच त्यांचा दफनविधी चालवला होता, आवाज कापू न देता, आणि लगेच पुढच्या रविवारी उपदेशही केला होता. आम्हा सगळ्यांना त्यांचं मोठं कौतुक वाटलं होतं. आता ते खाटेपाशी ताठ उभे राहिले, शास्त्र उघडलं, चष्मा लावला.

"साहेब, बसा," मावशी म्हणाल्या. "लांबून आलात."

"लांबून कुठला? पलीकडच्या आळीतून तर आलो."

"न्हाई. लई लांबून आलात. बसा."

साहेब बसले. मावशींनी काही विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही काही. त्यांना श्वास पुरत नव्हता, पण डोळे साहेबांवर होते. बराच वेळ गेला. मग साहेबांनी चष्मा काढला. "घरात शिरवत नाही, मावशी," ते म्हणाले. "चूल बघवत नाही." आणि तो ताठ माणूस मुलासारखा रडू लागला. मावशींचा सुजलेला हात त्यांच्या गुडघ्यावर होता. मी पेज घेऊन दारात उभी, आत जावं की परत फिरावं ते कळेना.

बऱ्याच वेळाने साहेब उठले, डोळे पुसले आणि निघाले. दाराशी गेल्यावर त्यांना आठवलं. "प्रार्थना राहिली!"

"झाली की, साहेब," मावशी म्हणाल्या.

ते गेल्यावर मी पेज पुढे केली. मला जरा थट्टा करावीशी वाटली, त्यांना हसवावं म्हणून. "मावशी, तुमचा देव तर खाटेवर असतो ना? आज खाटेवर तुम्हीच. मग तो कुठे गेला?"

त्या खरंच हसल्या. दम लागला, थांबल्या, मग म्हणाल्या, "अवं, खाटंवरनं निराळं दिसतंय. हितनं बघितलं की त्यो दारातनं येतोय. दमलेला असतोय. डोळं पुसत जातोय." आणि डोळे मिटून घेतले. खूप थकल्या होत्या.

शाळेची पहिली घंटा होत होती. मी भांडं ठेवून उठले, तर माझा पदर त्यांच्या हातात होता.

"बसा की वाईच," त्या म्हणाल्या.

घंटा थांबली. मी बसून राहिले.